तेजस्वीचं निळ्या डोळ्यांचं पोर

मुरगूडच्या तेजस्वीला मुलगा झाला, तेव्हा त्याचे डोळे बघायला सगळी गल्ली लोटली. आईबाप दोघं सावळे आणि राजवीरचे डोळे निळेशार. सासू, तानाबाई, कुणी आलं की नातवाला उजेडात धरायची. "सायब जन्माला आलाय की आमच्यात!"

गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीनं खिडक्या थरथरत होत्या. राजवीर बापाच्या, कृष्णातच्या, खांद्यावर गाढ झोपलेला. "वाघ हाय," लोक म्हणाले. तेजस्वीनं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या पाठीमागं पितळी परात आपटली. त्यानं मान वळवली नाही.

"आत्ती, ह्याला ऐकू येत न्हाय," ती सासूला म्हणाली.

"गप. आमच्यातली पोरं उशिराच बोलत्यात."

पोर तीन वर्षांचं झालं तरी 'आई' म्हणेना. तेव्हा कुठं कृष्णात कोल्हापूरला यायला तयार झाला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांकडं बघत त्यांनी विचारलं, "घरात कुणाची कपाळावरची बट लहानपणापासून पांढरी आहे?"

तेजस्वी खाली बघून म्हणाली, "माझी. लग्न ठरल्यापासनं आई रंगवायला लावती."

"आजार एकच. तुमच्या केसांवर थांबला, ह्याच्या डोळ्यांत न् कानांत उतरला. दोष कुणाचाच नाही. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येतं, पण आधीच उशीर झालाय. आता थांबू नका."

घरी आल्यावर तानाबाई कडाडली, "फशिवलं आमास्नी! रंग लावून पोरगी गळ्यात मारली." कृष्णात चप्पल घालून बाहेर निघून गेला. तेजस्वीनं ऑपरेशनचं नाव काढलं, की सासू म्हणायची, "आदी तुज्या आईला हितं बोलीव." ह्या भांडणात वर्ष गेलं. ज्या डोळ्यांचं कौतुक होतं, ते आता अवलक्षणी ठरले.

शेवटी तेजस्वी पोराला घेऊन कोल्हापुरात आली. खोली घेतली, ब्लाऊज शिवायला लागली, एकटीनं धावपळ करून ऑपरेशन करून घेतलं.

आता राजवीर सात वर्षांचा आहे. हाक मारली की वळतो. त्याचं बोलणं मात्र तिच्याशिवाय कुणाला उमगत नाही.

परवा कृष्णात आला. राजवीर त्याच्याकडं बघून काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?"

"तुमी कोण, म्हणून इचारतोय."

कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं. तिनं शिलाई मशीन थांबवलं नाही.

"तुमीच सांगा की. ऐकू येतंय त्याला."

तो चहा न घेताच जिना उतरला.