सरांच्या हातात दिलेला माइक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण मन हलकं व्हावं म्हणून नव्हे.

मी कुडपणचा, डोंगरावरच्या गावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि त्याचा मला माज आहे — असू दे. तत्त्वज्ञान शिकवतो. माणूस तोच माणूस कशामुळे राहतो — शरीरामुळे की आठवणींमुळे? या एका प्रश्नावर हयात घालवली. तो प्रश्न मला महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या सरांनी दिला. त्यांच्यासारखं शिकवणारा पुन्हा पाहिला नाही, हेही सांगायला हवं.

एकदा वडील कॉलेजात आले. पोराचं कसं चाललंय, म्हणून सरांपुढे हात जोडून उभे राहिले. सर हसले. व्हरांड्यातल्या मुलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला तलाठी करा हो. तुमच्या डोंगरावर माणसं पोटाचा विचार करतात, अस्तित्वाचा नाही." मुलं हसली. आणि वडील — वडीलही हसले. परतताना एसटीत म्हणाले, "मोठी मानसं बोलायचीच रे. मनावर घेयाचं नाय."

मी घेतलं.

गेल्या वर्षी महाडला सरांचा सत्कार झाला. प्रमुख पाहुणा मी. कार्यक्रमाआधी सरांच्या पत्नीने मला बाजूला घेतलं. "त्यांना आता काही आठवत नाही हो. माणसंही ओळखत नाहीत. मनोगत मुलगी वाचेल. तुम्ही जरा सांभाळून घ्या." मी म्हटलं, काळजी करू नका.

तेव्हाच ठरवलं होतं का? हो — तेव्हाच.

शाल-श्रीफळ झालं. मुलगी कागद घेऊन उठली, तोच मी माइक घेतला. म्हटलं, आम्हा विद्यार्थ्यांना सरांच्याच तोंडून ऐकायचंय. वाकून नमस्कार केला, माइक त्यांच्या हातात दिला आणि विचारलं — सर, माणूस तोच कशामुळे राहतो?

टाळ्या पडल्या. सर उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. शाल खांद्यावरून घसरली. मग माझ्याकडे वळून, माइकमध्येच, अदबीने म्हणाले, "तुम्ही सांगता का? मला येत नाही."

मला येत होतं. मी गप्प राहिलो. मुलगी त्यांना धरून बसवेपर्यंत गप्प राहिलो. लोकांना वाटलं, शिष्याला गहिवरून आलं.

ज्याला आपला गुन्हाच आठवत नाही, त्याला शिक्षा द्यावी का? वर्गात मी याच्या दोन्ही बाजू मांडतो. त्या दिवशी मला एकच बाजू दिसत होती. वडील आता नाहीत. असते, तर उठून त्यांनीच सरांची शाल सारखी केली असती — हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. तरी हललो नाही.

सरांच्या पत्नींना सगळं कळलं. नंतर पंगतीत वाढायला आल्या, माझ्या पानापाशी थांबल्या, वर न बघता म्हणाल्या, "भात घ्या."

मी घेतला. आमटीही मागून घेतली. छान झाली होती.