डिपॉझिटचं छप्पर

चि. सानिका आणि चि. निखिल,

परवा सानिकाने फोनवर विचारलं, "आजी, मी लीज मुदतीआधी सोडतेय आणि घरमालकीण डिपॉझिट अडवून बसलीय. तुला यातलं काही कळतं का?" मी नर्स होते, वकील नव्हे. पण लीज मुदतीआधी मोडलं की काय होतं, ते मी एकदा अगदी डोक्यावर पाहिलं आहे. फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट छोटी नाही, आणि तुमचे फोन नेहमी कुठल्यातरी मीटिंगच्या आधी येतात. म्हणून लिहिते आहे.

ट्रक अंगणात शिरला तेव्हा मी बुधीच्या उशाशी बसले होते. मुळशी तालुक्यातल्या घोटावड्याची गोष्ट. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, पण बाजारात सगळे अजून आण्यांतच बोलत होते. पुण्याच्या एका संस्थेचं प्रसूतिकेंद्र तिथे होतं आणि मी त्याची इन-चार्ज होते. इन-चार्ज म्हणजे मी, एक आया, चार खाटा आणि आठवड्यातून दोनदा पुण्याहून येणारे डॉक्टर.

बुधी डोंगरावरच्या वाडीतली. आदल्या दिवशी तिला डोलीत घालून आणलं तेव्हा पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी, आणि ब्लडप्रेशर इतकं चढलेलं की मी मशीन दोनदा लावून पाहिलं. बाळंत होताहोता तिला झटका आला. याला एक्लॅम्पशिया म्हणतात. अंग ताठ होतं, दातखीळ बसते, श्वास अडतो. मूल सुखरूप होतं. पण बाळंतपणानंतरही एक-दोन दिवस झटके येऊ शकतात, आणि प्रत्येक झटका शेवटचा ठरू शकतो. तेव्हाचा उपाय म्हणजे इंजेक्शन, अंधार आणि शांतता. उजेडाच्या तिरिपेने किंवा मोठ्या आवाजानेही पुढचा झटका येतो, असं आम्हाला शिकवलं होतं. डॉक्टर जाताना लिहून गेले होते: खोलीत अंधार, आवाज नको, पेशंट हलवू नये.

आणि ट्रक घरघरत दारात उभा राहिला. बुधीच्या पापण्या फडफडल्या. मी धावत बाहेर गेले आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली. त्याने इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवरून संस्थेचे सेक्रेटरी परचुरेसाहेब उतरले.

"सिस्टर, कौलं न्यायला आलोय."

आता ही कौलांची भानगड आधी सांगते.

संस्थेने घर भाड्याने घेतलं होतं महादू नावाच्या शेतकऱ्याचं. एकाच छपराखाली लांबलचक घर. अर्ध्यात महादूचं कुटुंब, अर्ध्यात आमचं केंद्र. करार पाच वर्षांचा. तेव्हा घरावर गवत होतं. गवताच्या छपरात उंदीर, त्यामागे साप, आणि स्टोव्हची ठिणगी उडाली तर खेळ खलास. संस्थेने सांगितलं, आम्हाला कौलं हवीत. महादूकडे तेवढे पैसे नव्हते. मग परचुऱ्यांनीच तोड काढली. डिपॉझिट म्हणून जी रक्कम द्यायची, तिची मंगलोरी कौलं घेऊन घरावर घालायची. संस्था घर सोडेल तेव्हा महादूने एकतर पैसे द्यावेत, नाहीतर कौलं उतरवून द्यावीत. दोघांनाही ते सोयीचं वाटलं. संस्थेचं डिपॉझिट डोळ्यांसमोर राहिलं आणि महादूच्या घरावर पक्कं छप्पर आलं.

दोन वर्षांनी संस्थेला पौडला स्वतःची जागा मिळाली. परचुऱ्यांनी तीन महिन्यांची नोटीस काढली. ती करारात बसत होती. मीच ती महादूला वाचून दाखवली.

तो म्हणाला, "न्या की. तुमचीच ठेव हाय. पर दिवाळी हून जाऊ द्या."

"का?"

"बाई, गवत कवा कापत्यात?"

छपराचं गवत कार्तिकात कापतात आणि गंजी रचून ठेवतात. चैत्र-वैशाखात त्यानेच घरं शाकारतात. महादूच्या घरावर कौलं, म्हणून त्याने गवत राखलंच नव्हतं. नोटीस आली फाल्गुनात. तोवर गावातल्या गंज्या ज्याच्या त्याच्या छपरासाठी धरलेल्या, नाहीतर गुरांना लागलेल्या. आता कौलं उतरवली तर पुढचा सगळा पावसाळा घर उघडं. मुळशीचा पावसाळा म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं नाही. तिथे मातीची भिंत आठ दिवस उघडी राहिली तर नवव्या दिवशी ती भिंत नसते.

मी हे सगळं परचुऱ्यांना लिहून कळवलं. उत्तर एका ओळीत आलं. "नोटीस नियमानुसार आहे, घरमालकाची अडचण त्यांनी पाहावी." कौलं तेव्हा सहज मिळत नव्हती. पौडची इमारत वाशांपर्यंत येऊन थांबली होती आणि उद्घाटनाला पाहुणे बोलावून झाले होते. त्यांचीही मान अडकली होती, हे मला आज कळतं.

तर त्या दुपारी परचुरे अंगणात उभे, महादू ओसरीवर, आणि मी दारात.

"पेशंट सीरियस आहे. आज काही होणार नाही," मी म्हटलं.

"सिस्टर, तुम्ही तुमचं काम बघा. हा प्रॉपर्टीचा विषय आहे." मग महादूकडे वळून, "काय हो, तीन महिने काय केलंत? डिपॉझिट गिळायचा विचार दिसतोय!"

महादू गोरापान माणूस. कानापर्यंत लाल झाला. कोपऱ्यातली शिडी उचलली, स्वतःच्या बाजूला लावली आणि वर चढला.

"महादूभाऊ, खाली या," मी म्हटलं.

"न्हाई बाई. परक्याच्या कौलाखाली निजायचं न्हाई मला आता."

त्याची बायको हौसा पिठाच्या हातानेच बाहेर आली. "आन प्वारांनी कुटं निजायचं? तुमच्या मुंडाशाखाली?"

"गप ऱ्हा तू!"

"मी गप ऱ्हाते. पाऊस ऱ्हाईल का गप?"

वरून पहिलं कौल निघालं. खाली ड्रायव्हरने झेललं. मग दुसरं. मी आत पळाले.

त्या घरांत मधल्या भिंती आढ्यापर्यंत नसतात. पुरुषभर उंची झाली की भिंत संपते, वर सगळ्या घराचं छप्पर एकच. त्यामुळे महादूने त्याच्या स्वयंपाकघरावरचं कौल काढलं की उजेडाचा पट्टा भिंतीवरून थेट माझ्या वॉर्डात येत होता. मी आणि आयाने भिंतीवर दोन घोंगड्या टाकल्या. उजेड अडला, पण धूळ आणि आवाज अडेना. कौलाला कौल घासल्याचा तो खरखरीत आवाज माझ्या दातांत शिरत होता. बुधीची आई नातवाला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. तिने एकदाच विचारलं, "बाय, पोर वाचंल ना?" मी मान हलवली. त्या हलवण्याला काही अर्थ नव्हता.

मी पुन्हा बाहेर आले आणि परचुऱ्यांना बाजूला घेतलं. भांडून भागणार नव्हतं. नियमानेच बोलावं लागणार होतं.

"साहेब, डिपॉझिट केव्हा परत मागता येतं?"

"घर रिकामं करून ताबा दिला की."

"ताबा कोण देणार?"

"तुम्ही. इन-चार्ज तुम्ही आहात."

"मी दिलेला नाही. वॉर्डात पेशंट आहे."

"तिला ट्रकने पौडला हलवा."

"डॉक्टरांची ऑर्डर आहे, हलवू नये म्हणून. तुम्ही लेखी ऑर्डर द्या, मग हलवते. वाटेत काही झालं तर खाली सही तुमची असेल."

ताबा म्हणजे नुसती किल्ली नव्हे. घर खरोखर रिकामं असावं लागतं. तोवर लीज चालू आणि लीज चालू तोवर डिपॉझिट जागच्या जागी. हा नियम त्यांनीच मला रुजू होताना समजावला होता.

"मग त्याला थांबवा," परचुरे हळूच म्हणाले. "मी कुठे म्हटलं आत्ताच चढ म्हणून?"

मी शिडीपाशी गेले. "भाऊ, लीज अजून चालू आहे. तुम्ही भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर काढताय."

"ह्यो कुटला न्याव? घर माजं!"

"घर तुमचं. पण भाडं आम्ही भरतो. ताबा दिल्याशिवाय तुम्हाला कौलाला हात लावता येत नाही."

"त्ये सायबाला सांगा! मला गिळनारा म्हनतुया त्यो!" तो ओरडला आणि रागाने हातातलं कौल मागे टाकलं. ड्रायव्हरचं लक्ष आमच्याकडे होतं. कौल दगडी जोत्यावर पडलं आणि फुटलं.

आतून आयाची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

बुधीचं अंग कमानीसारखं ताठ झालं होतं. मी तिला कुशीवर वळवलं, कापड गुंडाळलेला चमचा दातांत सरकवला, इंजेक्शन दिलं. झटक्यात पेशंटला दाबून धरायचं नसतं. पडू द्यायचं नाही आणि श्वास परत यायची वाट पाहायची. त्या वाट पाहण्याइतकं लांब दुसरं काही नसतं. ओठ निळे पडले. आया देवाचं नाव घेत होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. मग एकदाचा घोरल्यासारखा श्वास आला. मग दुसरा.

मी बाहेर आले ती ओठांवर बोट ठेवूनच.

अंगणातलं दृश्य मी विसरणार नाही. परचुऱ्यांनी पायातले बूट काढून हातात घेतले होते. ड्रायव्हर ट्रकपासून दूर जाऊन बसला होता, कारण ट्रक सुरू करायची आता सोय नव्हती. आणि महादू आढ्याजवळ उकिडवा बसला होता, एक पाय वर, एक खाली. भोवतालची कौलं सुटी झालेली. पाऊल टाकलं की ती वाजणार, एखादं घसरणार. त्याला उतरता येत नव्हतं, चढता येत नव्हतं.

मी जवळ जाऊन कुजबुजले, "हलू नका. ती झोपेपर्यंत."

तो तसाच बसला. वैशाखाचं ऊन, तापलेली कौलं. हौसाने लुगड्याचा पदर भिजवून काठीच्या टोकाने वर दिला, तो त्याने डोक्यावर घेतला. तेवढ्यातही ती कुजबुजलीच, "बसा आता. लई घाई व्हती न्हवं वर जायाची."

तासाभराने परचुऱ्यांनी मला खूण केली. आम्ही तिघं शिडीपाशी उभे राहिलो. महादू वरून बोलणार, हौसा ते खाली सांगणार. सगळं कुजबुजत. मोठ्याने बोलता येत नसलं की माणूस फार शब्द खर्च करत नाही.

"दिवाळी झाली, गवत कापलं, की कौलं म्या सवता उतरवीन," महादू म्हणाला. "बैलगाडीनं पौडला पोचती करीन. फुटलं त्याला भरून दीन."

"तोवर पौडला काय घालू? माझं डोकं?" परचुरे.

"लीज तोवर चालू ठेवा," मी म्हटलं. "केंद्र इथेच राहील, भाडं देत राहा. उद्घाटन दिवाळीनंतर करा. बाळंतिणी काही फीत कापायची वाट बघत नाहीत."

"कमिटीला विचारावं लागेल."

"विचारा. पण आज कौल हलणार नाही."

परचुऱ्यांनी हातातले बूट शिडीपाशी ठेवले. मग वर पाहून म्हणाले, "महादू, तो शब्द मी मागे घेतो."

महादूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हौसा म्हणाली, "आयकलं त्यांनी. कानावर पदर न्हाई, डोईवर हाय."

दिवस कलला तेव्हा बुधीला गाढ झोप लागली, प्रेशर उतरायला लागलं. मी खूण केली. महादू एकेक कौल बाजूला सरकवत, मांजरासारखा खाली आला. उतरल्यावर त्याला उभं राहता येईना. परचुऱ्यांनी त्याला हात दिला. ड्रायव्हर, परचुरे आणि गावातल्या चार माणसांनी ट्रक गावाबाहेरपर्यंत ढकलत नेला आणि तिथे सुरू केला.

बुधीला पुन्हा झटका आला नाही. बाराव्या दिवसानंतर ती मुलाला घेऊन वाडीवर चालत गेली. मग महादूने उतरवलेली कौलं पावसाआधी पुन्हा बसवली. कमिटी परचुऱ्यांवर खूप चिडली, पण पाहुण्यांना नव्या तारखेची पत्रं गेली. कार्तिकात महादूने घर शाकारलं आणि कौलं पेंढ्यात घालून पौडला पोचवली. फुटलेल्या एका कौलाची किंमतही देऊ लागला. परचुऱ्यांनी घेतली नाही.

तर सानिका, डिपॉझिट भांडून मिळवायच्या आधी एवढं बघ, की ते समोरच्याने कुठे आणि कशात घातलं आहे आणि तिथून ते कधी निघू शकतं. घरमालकिणीने नुसतं खिशात घातलं असेल, तर मात्र खुशाल भांड.

त्याच वर्षी परचुऱ्यांनी संस्थेच्या भाडेकराराच्या मसुद्यात स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं: ठेव काढून घेतल्याने घर राहण्याजोगे उरत नसेल, तर कार्तिक संपेपर्यंत ती मागू नये. परचुरे गेले, महादू आणि हौसाही गेले. घोटावड्याचं ते घर पाडून तिथे गोडाऊन झालं. गेल्या वर्षी संस्थेने माण गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वर स्लॅब आहे आणि डिपॉझिट चेकने दिलं. करारनामा मी मागवून वाचला. ते कलम अजून त्यात आहे.

तुमची,
आजी