एकही हरकत आली नाही

टॅलमनच्या फेडरल कोर्टात मेटल डिटेक्टरमधून पलीकडे गेलं की डाव्या हाताला एल्डन मस्कारोची टपरी होती. कॉफी, पेपरोनी भरलेले पाव, खारे शेंगदाणे आणि कालचं वर्तमानपत्र, एवढाच माल. सरकारी इमारतीतली अशी टपरी आधी अंध माणसाला द्यावी असा कायदा आहे, आणि एल्डन जन्मापासूनच त्याला पात्र होता.

आमच्याकडे एक डॉलरची आणि वीस डॉलरची नोट एकाच मापाची. हाताला फरक कळत नाही. गिऱ्हाइकाने "पाचाची आहे" म्हणायचं आणि एल्डनने पाचाची धरायची. वकीलसुद्धा खरं सांगायचे. त्या इमारतीत शपथ न घेता खरं बोललं जाईल अशी तेवढी एकच जागा होती.

टपरीच्या समोरच्या भिंतीवर नोटीस बोर्ड होता. त्यावर कागद लावायचं काम क्लार्क कचेरीतल्या लोर्ना व्हिटलॅचचं. टाचणी टोचता टोचता ती प्रत्येक नोटीस एल्डनला मोठ्याने वाचून दाखवायची. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"निवृत्त न्यायाधीशांच्या तैलचित्राचं अनावरण. शुक्रवारी दोन वाजता. सर्वांना आमंत्रण."

"कसं आलंय गं चित्र?"

"डोक्यावर केस फार काढलेत."

"असू देत. माझी फसवणूक होणार नाही."

वाचलेलं एल्डनच्या डोक्यात राहायचं आणि तिथून गावभर जायचं. टॅलमनमध्ये वकील सोडले तर बोर्ड कोणी वाचत नसे. कोर्टाच्या वेबसाइटवर नोटिसा येतात हे बहुधा वेबसाइटलाच ठाऊक होतं. सुट्टी कधी, नव्या नागरिकांचा शपथविधी कधी, ज्युरीच्या कामाला गैरहजर राहिलात म्हणून फोनवर दंड मागणारा माणूस खरा की खोटा, हे लोक पाव घेता घेता एल्डनला विचारत. तो नोटीस शब्दशः सांगायचा आणि शेवटी स्वतःची एक ओळ जोडायचा. "फोनवर पैसे मागणारा कोर्टाचा नसतो. कोर्ट लुबाडतं तेव्हा पावती देतं."

नोव्हेंबरात वरून एक नोटीस आली. टॅलमनचं कोर्ट बंद करून सगळं कामकाज डोंगरापलीकडच्या शहरात हलवण्याचा प्रस्ताव आहे. नागरिकांच्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत मागवण्यात येत आहेत. लोर्नाची बदली त्या शहरात होणार होती. दारावरचा रक्षक बर्ल टीटर तसाही निवृत्तीला आला होता. एल्डनची बदली कुठेच होणार नव्हती. कोर्ट नाही, तर टपरी नाही.

लोर्नाने नुसती टाचणी टोचली.

"काय लावलंस?" एल्डनने विचारलं.

"काही नाही रे. सुट्ट्यांची यादी. दरवर्षीचीच."

दारापाशी जाऊन ती बर्लला म्हणाली, "थँक्सगिव्हिंग तरी सुखाने जाऊ दे त्याचं. मग सांगू."

थँक्सगिव्हिंग झालं. "आता सांग," बर्ल म्हणाला. "वाचून दाखवायचं काम तुझं."

"रोज सकाळी त्याचा पाव खातोस तू. तू सांग."

"पाव खाल्ला म्हणून काय झालं? मी मेटल डिटेक्टरवाला. माझं काम माणसं तपासायचं, हादरवायचं नाही."

मग नाताळ जवळ आला, आणि नाताळात असं काही सांगतात का? वकिलांनीही नोटीस वाचली होती. त्यांना हरकत नव्हती. डोंगर चढायचे तासही अशिलाच्या बिलात लावता येतात. मात्र टपरीजवळ आले की तेही आवाज खाली आणत. टॅलमनमधली माणसं इतकी सभ्य वागल्याचं मला तरी आठवत नाही. एल्डनला कोणी सांगितलं नाही, म्हणून एल्डनने गावाला सांगितलं नाही, म्हणून गावाला कळलं नाही.

जानेवारीत दुसरी नोटीस आली. ही लपवण्यात अर्थ नव्हता. लोर्नाने घसा साफ केला आणि वाचली. "विहित मुदतीत एकही हरकत आलेली नाही. सबब, प्रस्ताव मंजूर करण्यात येत आहे. टॅलमन येथील कोर्ट फेब्रुवारीअखेर बंद होईल."

एल्डनने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"कसली मुदत?"

लोर्नाने सांगितलं.

"म्हणजे ती सुट्ट्यांची यादी."

"हो."

"तेव्हापासूनच सगळ्यांचे आवाज बारीक झाले. मला वाटलं, आता कानही चालले. डॉक्टरकडे जाऊन आलो गं मी. म्हणाला, कान उत्तम आहेत."

बर्ल दारावरून उठून आला होता. "आम्हाला तुझं वाईट वाटत होतं रे."

"वाटू दे की. पण मग गावाला सांगायचं कोणी? तू?"

 मेटल डिटेक्टरमधून कोणीतरी किल्ल्यांसकट गेलं आणि तो वाजला, म्हणून बर्लला परत जाता आलं.

"कागद घे," एल्डन लोर्नाला म्हणाला.

"मुदत संपलीय, एल्डन."

"घे गं."

त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. डिसेंबर ते मार्च डोंगरातला रस्ता बर्फाने अर्धा वेळ बंद असतो. ज्युरीला बोलावतात त्यातली निम्मी माणसं म्हातारी आहेत. ती घाटात गाडी चालवणार नाहीत, आणि मग दंडाची पत्रं त्यांनाच येतील. कोंबड्या कापण्याच्या कारखान्यातली, परदेशातून आलेली माणसं नागरिकत्वाची शपथ घ्यायला आजी, सासू, तान्ही पोरं घेऊन चालत येतात. पलीकडच्या शहरात बस जात नाही.

"आणि टपरीचं?" लोर्नाने विचारलं.

"ते नको. ते घातलं की बाकीचं कोणी वाचणार नाही. म्हणतील, टपरीसाठी रडतोय."

लोर्नाने त्याचा हात धरून सहीच्या जागेवर ठेवला. मग वरून शिक्का आणून तिथेच ओट्यावर मारला.

"कसला मारलास?"

"मुदतीनंतर प्राप्त."

"खरं सांगितलंस," एल्डन म्हणाला. "सवय मोडली नाही म्हणायची."

फेब्रुवारीत उत्तर आलं. कोर्टाने श्री. मस्कारो यांनी दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार मानले होते आणि मुदतीनंतरच्या हरकती विचारात घेता येत नाहीत, असं कळवलं होतं. लोर्नाने तेही वाचून दाखवलं, आभारांसकट. त्या आठवड्यात टपरीवर गर्दी उसळली. ज्यांना आत्ता कळलं ते सगळे आले, चिडले, पाव घेऊन गेले. कोणीतरी सह्या गोळा करायचं काढलं; सह्या बऱ्याच झाल्या, पण त्या कुठे द्यायच्या हे विचारायला माणसं पुन्हा एल्डनकडेच आली. "डोंगरापलीकडे," तो म्हणाला. त्या आठवड्यात रस्ता बंद होता.

कायद्याने एल्डनला वाऱ्यावर सोडलेलं नाही. टपरीच्या बदल्यात त्याला हायवेवरच्या विश्रांतिस्थळातली शीतपेयांची आणि चिप्सची चार यंत्रं मिळाली आहेत. आठवड्यातून दोनदा बर्ल त्याला गाडीने नेतो आणि तो चाचपून यंत्रं भरतो. पूर्वीपेक्षा कष्ट कमी आहेत, असं तो विचारणाऱ्याला सांगतो. यंत्र नोट स्वतःच ओळखतं. गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागत नाही, आणि कोणी उघडतही नाही.