म्हातारी सोर्स आणि सरांचा आवाज

आधीच सांगतो, भुताखेतांची नक्कल मी करतो, त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. मनमाडच्या शाळेत गॅदरिंगला हडळ मीच व्हायचो. पण हे गेल्या उन्हाळ्यातलं... आणि तेही भर दुपारचं.

अंबड एमआयडीसीत आमचं काम म्हणजे टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्सरे काढायचे. कॅमेऱ्यात बारीकशी किरणोत्सर्गी गोळी असते, तिला आम्ही सोर्स म्हणतो. लांबून हँडल फिरवलं की सोर्स केबलने नळीत येतो, फोटो झाला की उलटं फिरवून आत घ्यायचा. मग किरणं मोजायचा मीटर हातात धरूनच कॅमेऱ्याजवळ जायचं. आमचा सोर्स जुना झाला होता. हे काम झालं की कचरा म्हणून परत पाठवायचा होता. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो.

जोडीदार पश्या. ट्रेनिंगची एकच जागा आली आणि ती त्याला दिली. का, तर तो 'सिरियस' आहे. आमच्या सुपरवायझर सरांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो मी, आणि ट्रेनिंगला चालला हा. लय जळायचो.

त्या दुपारी पश्याने हँडल उलटं फिरवलं आणि तसाच रिकाम्या हाताने निघाला.

"पश्या, मीटर घे की."

"म्हातारी हाय रे ती. दात पडलेत तिचे."

मी खांदे उडवले, वड्याचा मोठा घास घेतला. तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं —

"प्रशांत. मागे ये. मीटर घे."

सरच. पश्या गुपचूप मागे आला, मीटर घेतला, पुढे गेला... आणि काटा पार टोकाला. सोर्स केबलपासून सुटून नळीतच पडला होता. आणि हा ती नळी हाताने गुंडाळणार होता. म्हातारी असली तरी बोटं सडवली असती तिने, जीवही गेला असता.

आम्ही लांब पळालो, दोरी बांधून सगळ्यांना अडवलं. मी मागे वळून बघितलं, तर सर नाहीतच. फोन लावला. ते सकाळपासून विंचूरला, दुसऱ्या साइटवर.

संध्याकाळी तज्ज्ञ लोकांनी सोर्स शिशाच्या डब्यात बंद केला, तेव्हा पश्या गळ्यात पडला. "भावा, तुझ्या नकलेने वाचलो." तोवर विंचूरहून आलेल्या सरांनी माझी पाठ थोपटली, पुढच्या ट्रेनिंगला तुझंच नाव म्हणाले.

"सर, माझ्या तोंडात वडा होता."

सगळे हसले. माझं खरं कोण धरतं...

आवाज कुणाचा, आजही कळलेलं नाही. पण सरांचं ते खाकरणं... दोन वर्षं प्रयत्न करतोय, मला ते कधीच जमलं नाही. तो जो कोण होता, त्याला पहिल्या झटक्यात जमलं. पश्यावर आता मी जळत नाही — त्याच्यावर जळतो.