पाध्ये सरांच्या पडवीतली फसलेली कामं

तुमच्या सत्कार समितीचा कागद आला, गौरवाच्या पुस्तकासाठी सरांचं यश लिहा, पुरस्कार लिहा. सभागृह घेतलंत, हार सांगितलेत. पण तीन महिने सरांच्या पडवीतल्या बैठकीला तुमच्यातलं एक माणूस फिरकलं नाही, ते कुठे लिहू? मी चौथी शिकलेली, गणपती करणारी बाई. गोड लिहिणं मला जमत नाही.

पाध्ये सर मातीचे शास्त्रज्ञ. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले आणि मूर्ती सांगायला माझ्याकडे आले. त्या वर्षी माझ्या मूर्तींचे कान तडकत होते. सरांनी चिमूटभर माती उचलली ती सरळ दाताखाली घातली.

"अहो, देवाची माती खाता?" मी ओरडले.

"माती चांगली आहे, सुलभाताई. खिडकी वाईट आहे. वाऱ्याकडचा कान आधी वाळतो."

खिडकी लावली, तर मूर्तींवर बुरशी. तणतणत त्यांच्या घरी गेले. सर खूश! "रविवारी चारला हेच घेऊन या."

तिथून बैठक सुरू झाली. माणसं पाच-सहा, नियम एक: फसलेलं काम आणायचं. नमन-खेळ्यांत मृदंग वाजवणारे गोविंदबुवा मधली काळी शाई उडालेला मृदंग आणायचे, एक संशोधक मॅडम प्रयोगात मेलेली कालवं.

"मेली ती कळतं कसं?" बुवांनी विचारलं.

"शिंपला उघडा राहतो."

"मग आमच्या बायकोचं तोंड कधी मिटतच नाय, म्हणजे ती मेलेलीच की!"

मॅडमनी बुवांना मृदंगानेच मारायचं बाकी ठेवलं.

माझ्या कानांचा उपाय बुवांनीच सांगितला. "मृदंगाचं नवं कातडं मी ओल्या फडक्याखाली सुकवतो. खिडकी उघडी ठेव, कान झाक." सर दुखऱ्या गुडघ्यांनी पंधरा दिवस येऊन फडकी भिजवत होते. कोणी कौतुक केलं की म्हणायचे, "हे बुवांचं."

बुवा वारले. मॅडमची बदली झाली. बाकीच्यांना आता फसलेलं दाखवायची लाज वाटते. गेल्या रविवारी मी तुटलेली सोंड घेऊन गेले, तर सरांनी काही विचारलंच नाही. "पुरे आता, सुलभाताई. समारंभानंतरच्या शुक्रवारी सुतार येतोय. पडवी बंद करून घेतो." सोंड पदरात गुंडाळून मी घरी आले.

सरांना शंभरी लाभो, गुडघे धड राहोत. पण ती वर्षं त्यांनी कोणाशी बोलत काढायची? हे पुस्तक रविवारी समारंभात तुमच्या हातात पडेल. तुमच्यातलं कोण काय फसलेलं घेऊन पडवीत येतंय, ते सुतार यायच्या आधी, गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा.