दोन हीटर आणि पाण्याची थपथप

सुरुवात मोठ्या बाबांपासून करतो. सुखदेव मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर तलावातली मासोळी विकून त्यांनीच मला बी.एस्सी. केलं. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. विज्ञान शिकलो, भूतखेत कधी मानलं नाही... तरी हे लिहितोय.

मी गडचांदूरला सिमेंटच्या लॅबमध्ये नोकरी करतो. भाड्याची खोली, एकटाच. ड्युटीवरून आल्यावर बोलायला कुणी नाही, म्हणून काचेच्या टाकीत एंजल मासे पाळले. थंडीत त्यांना कोमट पाणी लागतं. दुकानदार म्हणाला, एकच मोठा हीटर घ्या. मी बरंच वाचून दोन लहान घेतले — एक बिघडला तर दुसरा राहील. बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र पुढे बघू म्हटलं. दोन्ही हीटरना लाईटच लागते, हे डोक्यातच आलं नाही!

जानेवारीत पिल्लं निघाली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच कुणी जन्माला आलं होतं. मी त्यांच्याशी बोलायला लागलो होतो.

एक दिवस ढगाळ, बोचरी थंडी. ड्युटीवर पोचल्यावर कळलं, वस्तीची लाईट गेली, आज येणार नाही. सुट्टी मिळाली नाही. दिवसभर डोळ्यांसमोर मेलेली पिल्लं...

संध्याकाळी घरमालकीण काकू दारातच होत्या.

"काऊन भाऊ, पाहुणे आले तं सांगाचं ना! चहा तरी देल्ला असता."

"कोण पाहुणे, काकू?"

"मले काय माईत! दिवसभर पाण्याची थपथप, थपथप. म्या दोनदा आवाज देल्ला, तं हू नाई का चू नाई. बहिरे हायेत का तुमचे पाहुणे?"

मी कुलूप काढलं. किल्ली एकच, माझ्याच खिशात होती. मोबाईलच्या उजेडात पाहिलं — टाकीचं झाकण बाजूला ठेवलेलं, फरशी ओली, पाणी कोमट. पिल्लं पोहत होती.

मोठे बाबा मासोळीचं बीज हंड्यात घालून बैलगाडीनं न्यायचे. पिल्लांना हवा मिळावी म्हणून वाटभर तळव्यानं पाणी थोपटायचे. आता त्यांना ऐकू येत नाही. ते मुलचेऱ्याकडे गावी असतात, माझ्या खोलीवर कधी आलेले नाहीत. चुलतभावाला फोन केला. म्हणाला, "बाबा? ते तं आज खाटेवरून उठलेच नाईत."

काकूंनी शेजारच्या मोरीचा आवाज ऐकला असेल, मान्य. पण पाणी? नंतर एका सुट्टीला तेवढंच पाणी टबात कोमट करून ठेवून पाहिलं. दुपारपर्यंत गार. मला अजून काही सांगता येत नाही.

मोठे बाबा अक्षर जोडून जोडून वाचतात. त्यांना पत्र टाकलं:

"मोठे बाबा, नमस्कार. पिल्लं सगळी जित्ती आहेत. गोळ्या वेळेवर घेत जा. तुम्ही आले होते का, हे मी इचारत नाई. पण आले असान तं मी घरी नव्हतो, याचं लय वाईट वाटते. रविवारी मी दिवसभर खोलीवरच रायतो. रविवारी या."