लॅब बदलून बघितली

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर चाललेली पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं नगरच्या डॉक्टरांनी काही महिने थांबवली, तेव्हा मी सोनईत असा फिरलो, जणू मला आमदारकीचं तिकीट मिळालंय. त्या इंजेक्शनांनी माझा पार बैल करून ठेवला होता, तोही औताला न चालणारा. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, बनियन भिजायचं. बायको तोंडाला पदर लावून हसायची. तिची पाळी जाताना तिलाही असंच व्हायचं आणि मी ऐटीत म्हणायचो, "नखरे आहेत नुसते."

डॉक्टरांची अट एकच होती. मधूनमधून रक्तातला पीएसए तपासायचा. तो थोडा वाढला तर चालेल, भरभर वाढला तर कॅन्सरनं डोकं वर काढलं समजायचं आणि इंजेक्शन पुन्हा सुरू.

पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा आकडा वाढलेला आला. आता माझा जन्म गेला डेअरीला दूध घालण्यात. एका डेअरीत फॅट कमी लागली की कॅन उचलायचा आणि दुसरीची पायरी चढायची. मी तेच केलं. सोनईची लॅब सोडून घोडेगावला गेलो. तिथं आकडा कमी! काय हुशार माणसं! पुढच्या खेपेला त्यांनीही दगा दिला, म्हणून राहुरीला तिसरी लॅब गाठली.

"उतरतोय," मी बायकोला सांगितलं.

"उतरतोय, का तुमी उतरवताय?"

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि कपाळाला हात लावला. "काका, प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं. मला वाढीचा वेग बघायचाय. हे आकडे एकमेकांशी ताडू कसे?"

बायको म्हणाली, "डॉक्टर, दूधवाला मानूस हाय. फॅट वाढवायला गावं फिरायचे, आता आकडा कमी करायला फिरत्यात."

पुन्हा सोनईची पहिलीच लॅब. त्या बिचारीनं खरं ते सांगितलं: आकडा दुपटीच्याही वर गेला होता. मी गावोगाव हुशार लॅबा शोधत होतो, तेव्हा तो आपला निमूटपणे चढत होता. त्याच आठवड्यात इंजेक्शन बसलं.

घरी आलो. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी. बायकोनं स्वतःसाठी दोन गोधड्या काढल्या, माझी खाट पंख्याखाली ओढली आणि बटण दाबलं.

"अगं, अजून घाम कुठं सुटलाय?"

"सुटंल की," ती गोधडीतून म्हणाली. "करा आता नखरे. मी हाय हितंच."